रोमन कांस्य नाण्यांवरील 'राजदांपत्य' : एका प्रचलित संज्ञेची परीक्षा

रोमन साम्राज्याच्या कांस्य नाण्यांत ज्यांच्या दर्शनी बाजूस एक पुरुषमुख व एक स्त्रीमुख समोरासमोर कोरलेलें असतें, अशा नाण्यांचा एक मोठा वर्ग आहे. संग्राहकांच्या याद्यांत व विक्रीच्या पत्रकांत त्यांस सरसकट 'राजदांपत्याचीं नाणीं' असें नांव दिलेलें आढळतें. एकदां तें नांव पडलें कीं त्याच्या पाठोपाठ विवाहोत्सव, पतिपत्नींचें सख्य, राणीचा राज्यकारभारांतील अधिकार इत्यादि अनुमानेंही येऊन उभीं राहतात. प्रस्तुत लेखांत या संज्ञेचीच परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न केवळ नांवाचा असता तर त्यासाठीं इतकीं पानें खर्ची घालण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या स्त्रियांविषयीं ग्रंथकारांनीं दोनचार ओळींपलीकडे कांहीं लिहिलें नाहीं, अथवा जें लिहिलें तें द्वेषबुद्धीनें लिहिलें, त्यांच्या इतिहासाचें नाणें हेंच पुष्कळदां मुख्य साधन असतें. तें साधन मुळांतच चुकीच्या नांवानें वाचलें गेलें, तर त्या स्त्रियांवर एकदां ग्रंथकारांकडून व पुन्हां संशोधकांकडून असा दुहेरी अन्याय घडतो. शिवाय हीच वाचनपद्धति आपल्याकडील नाण्यांसही लाविली जाते. त्यामुळें तिचा गुणदोष पाहणें आपणांसही अगत्याचें आहे.

प्रथम परिभाषा निश्चित करूं. दोन व्यक्ति एकाच नाण्यावर तीन रीतींनीं येतात. पहिली, दोन मुखें एकमेकांकडे पाहणारीं. यांस आम्ही संमुख मुखें म्हणूं. दुसरी, एका मुखामागें दुसऱ्याची कड दिसेल अशीं एकाच दिशेस पाहणारीं; यांस अनुगत मुखें म्हणूं. एफेसस येथील ऑगस्टस व लिव्हिया यांचीं नाणीं या दुसऱ्या प्रकारचीं असून त्यांच्या मागील बाजूस आर्टेमिस देवीचें हरिण आहे. तिसरी रीत म्हणजे दोन्ही व्यक्ति पूर्णाकृति उभ्या दाखवून त्यांचे उजवे हात एकमेकांत दिलेले असणें. 'कांस्य' हा शब्दही येथें सैल अर्थानें घ्यावयाचा आहे. रोम येथील सेस्टर्शियस हें मोठें नाणें वस्तुतः पितळेच्या जातीच्या धातूचें, अ‍ॅस हें तांब्याचें आणि प्रांतांतील नगरांचीं नाणीं बहुधा शिसें मिसळलेल्या कांशाचीं असत. सोन्यारुप्याव्यतिरिक्तचें नाणें, इतकाच अर्थ येथें अभिप्रेत आहे.

या परंपरेच्या आरंभीं मार्क अँटनी याच्या आरमारी अधिकाऱ्यांनीं पाडलेलीं कांस्य नाणीं ठेवावीं लागतात. अ‍ॅट्रॅटिनस, बिब्युलस व ओपिअस कॅपिटो या तिघांच्या नांवांचीं हीं नाणीं सामान्यतः इ. स. पू. ३८ ते ३५ या काळांतलीं मानितात. अँटनीनें ऑक्टेव्हियनची बहीण ऑक्टेव्हिया हिच्याशीं इ. स. पू. ४० मध्यें विवाह केला होता आणि इ. स. पू. ३७ मध्यें टॅरेंटम येथें दोन्ही मेहुण्यांचा तह झाला. सेस्टर्शियसवर अँटनी व ऑक्टेव्हिया यांचीं संमुख मुखें असून मागें समुद्री अश्वांच्या रथांत तींच दोघें उभीं आहेत. यावरून 'पहिलें रोमन राजदांपत्य' म्हणून या नाण्यांचा गौरव होतो. त्यांत वरवर पाहतां गैर कांहीं नाहीं. दोघें पतिपत्नी होतीं हें निर्विवाद आहे.

परंतु हीं नाणीं एकेकटीं न पाहतां संपूर्ण मालिका मांडून पाहिली म्हणजे निराळीच व्यवस्था दृष्टीस पडते. एका अ‍ॅसच्या नाण्यावर मागें एक गलबत आहे. दोन अ‍ॅसच्या नाण्यावर दोन गलबतें, आणि तीन अ‍ॅसच्या नाण्यावर तीन गलबतें आहेत. इतकेंच नव्हे तर तीन अ‍ॅसच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस मुखेंही तीन आहेत : अँटनी व ऑक्टेव्हियन यांचीं अनुगत मुखें एकीकडे, आणि त्यांच्याकडे पाहणारी ऑक्टेव्हिया दुसरीकडे. आकृतींची संख्या येथें किंमत सांगण्याच्या कामीं योजिलेली आहे. ज्यास लेख वाचतां येत नाहीं अशा खलाशासही गलबतें मोजून नाण्याची किंमत कळावी, असा हा सरळ व्यवहार दिसतो.

यांतून दोन गोष्टी निघतात. एक, दुसऱ्या मुखाचें नाण्यावर येणें हें भावनेचेंच नव्हे तर किंमतीचेंही चिन्ह असूं शकतें. दोन, ऑक्टेव्हिया ही येथें पत्नी म्हणून जितकी आहे तितकीच भगिनी म्हणून आहे. तिघांच्या नाण्यावर तर ती पति व बंधु यांस जोडणारा दुवा म्हणूनच कोरली आहे. नाण्यावर तहाचें चित्र आहे, संसाराचें नाहीं. आणखी एक गोष्ट संग्राहकांनीं नजरेआड करूं नये : या नाण्यांच्या लेखांत ऑक्टेव्हियेचें नांव कोठेंही नाहीं, अँटनीच्या पदव्या व अधिकाऱ्याचें नांव एवढेंच आहे. ती स्त्री ऑक्टेव्हिया होय, हें काळावरून व प्रसंगावरून केलेलें अनुमान आहे. अनुमान योग्य आहे असें आम्हीही मानतों. परंतु अनुमान तें अनुमान व लेख तो लेख, हा भेद याद्यांतून पुसला जातो. इ. स. पू. ३२ मध्यें अँटनीनें तिचा त्याग केला. ज्या वर्षीं तह मोडला त्या वर्षीं तिचें स्थानही गेलें.

संमुख मुखें म्हणजे पतिपत्नी, या समजुतीची कसोटी पाहण्यास नीरोच्या आरंभींचीं नाणीं फार उपयोगीं पडतात. तीं सोन्यारुप्याचीं असल्यामुळें प्रस्तुत वर्गाबाहेरचीं आहेत. तथापि रचना तीच असल्यानें साक्ष म्हणून त्यांस बोलाविण्यास हरकत नाहीं. इ. स. ५४ च्या नाण्यावर नीरो व एक स्त्री समोरासमोर आहेत. ही स्त्री त्याची माता अ‍ॅग्रिपिना. दर्शनी बाजूचा लेख तिच्या नांवाचा असून तो प्रथमेंत आहे. नीरोचें नांव मागील बाजूस आणि तेंही चतुर्थींत. जणूं माता नाणें पाडीत आहे व तें पुत्रास अर्पण होत आहे. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे इ. स. ५५ मध्यें, रचना पालटते : संमुख मुखें जाऊन अनुगत मुखें येतात, नीरो पुढें व माता त्याच्या मागें. लेखांचीही अदलाबदल होऊन नीरो दर्शनी बाजूस येतो व अ‍ॅग्रिपिनेचें नांव मागें जातें. इ. स. ५९ मध्यें नीरोनें तिचा वध करविला. एका विभक्तीवरून व एका मुखाच्या सरकण्यावरून राजवाड्यांतील सत्तेचा पालट येथें वाचतां येतो. पण तो वाचण्यासाठीं 'दांपत्य' हा शब्द आधीं बाजूस ठेवावा लागतो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. संमुख मुखांच्या कांस्य नाण्यांची सर्वांत विपुल खाण म्हणजे मोएशिया प्रांतांतील मार्सियानोपोलिस नगर. हें नगर सम्राट ट्रेजननें आपली बहीण मार्सियाना हिच्या नांवें वसविलें. आज त्या ठिकाणीं बल्गेरियांत वार्ना शहराजवळ देव्न्या हें गांव आहे. येथील नाण्यांची पहिली शास्त्रशुद्ध मांडणी बेरेंट पिक या जर्मन पंडितानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या उत्तर ग्रीसच्या नाण्यांच्या ग्रंथांत केली. पुढें अनेक नव्या छापांची भर पडली असली तरी त्या मांडणीचा उपयोग संशोधकांस अद्यापि होतो.

या नगराच्या द्विमुख नाण्यांच्या मागील बाजूस एखादी देवता, नगराचें नांव षष्ठींत, प्रांताधिकाऱ्याचें नांव, आणि मोकळ्या जागेंत बहुधा एक सुटें ग्रीक अक्षर असतें. तें अक्षर एप्सिलॉन. ग्रीक लोक वर्णांनींच अंक लिहीत. एप्सिलॉन म्हणजे पांच. हें नाणें पांच अ‍ॅसारियांचें, असा त्याचा अर्थ. एक मुख असलेलीं नाणीं खालच्या किंमतीचीं असतात. पांचांचा अंक येतो तो द्विमुख नाण्यांवर. अँटनीच्या आरमारी नाण्यांवर जी युक्ति आपण पाहिली, तीच येथें अडीचशें वर्षांनंतर पुन्हां भेटते.

अधिकाऱ्याच्या नांवामागील दोन अक्षरांचा विस्तार करण्याची रूढ रीत अशी आहे कीं, 'अमुक अधिकारी शासन करीत असतां' असा त्याचा अर्थ व्हावा. ग्रीक भाषेंत ही रचना षष्ठींत होते. संस्कृतज्ञ वाचकांस आपल्या सति सप्तमीची आठवण येथें सहज होईल. आपल्या ताम्रपटांतील 'राज्ये प्रवर्तमाने' ही त्याच घराण्यांतली. या रचनेचें महत्त्व असें कीं, नाणें नगराचें असून अधिकाऱ्याचें नांव केवळ कालनिर्देशासाठीं आहे. सम्राट व त्याच्या समोरील व्यक्ति यांची निवड रोमच्या टांकसाळीनें नव्हे, तर एका दूरच्या नगरानें केली आहे. येथें राजाज्ञा बोलत नसून नगराचा आदर, अथवा स्पष्ट बोलावयाचें तर नगराची खुशामत, बोलत आहे.

आतां सम्राटासमोर कोण कोण येतें तें क्रमानें पाहावें. सेप्टिमिअस सेव्हेरससमोर त्याची पत्नी जुलिया डोम्ना आहे. त्याचा पुत्र कॅराकॅल्ला एकटा राज्य करूं लागल्यावर, क्विंटिलिएनस या अधिकाऱ्याच्या वेळच्या नाण्यांवर, कॅराकॅल्लासमोर तीच जुलिया डोम्ना आहे. आतां ती माता आहे. इ. स. २१७-२१८ मध्यें मॅक्रिनससमोर त्याचा बालपुत्र डायाड्युमेनिअन आहे. पाँटिएनसच्या नांवाचीं हीं नाणीं तर संग्राहकांस सर्वांत सुलभ आहेत. एलागाबालससमोर त्याची आजी जुलिया मीसा आहे. अलेक्झांडर सेव्हेरससमोर त्याची माता मामीया आहे. तिसऱ्या गॉर्डिअनसमोर एकदां सारापिस ही देवता, तर एकदां त्याची पत्नी ट्रँक्विलिना आहे. फिलिपसमोर त्याची पत्नी ओटॅसिलिया, आणि त्याच्या पुत्रासमोर पुन्हां सारापिस. हीं दोन्ही मेसालिनसच्या वेळचीं.

पत्नी, माता, आजी, पुत्र व देवता, इतके सर्व एकाच स्थानीं, एकाच आकारांत, एकाच किंमतीच्या अंकासह येतात. मग त्यांतील तीनचार नाण्यांत समोरील स्त्री योगायोगानें पत्नी आहे एवढ्यावरून सर्व वर्गास 'राजदांपत्य' म्हणणें कितपत सयुक्तिक आहे? जुलिया डोम्नेचें उदाहरण तर या संज्ञेचा फोलपणा एका वाक्यांत दाखवितें. तीच स्त्री, तोच मुकुटविरहित केशकलाप, तीच बाजू. समोरचा पुरुष बदलतांच ती पत्नीची माता होते. दर्शनी लेख न वाचतां केवळ चित्रावरून नांव देणारा संग्राहक येथें पुत्रास पति ठरविल्याविना राहणार नाहीं, आणि विक्रीच्या पत्रकांतून असें झालेलें आढळतेंही.

येथें कोणी उलट आक्षेप घेईल कीं, असें असेल तर दुसरें मुख हें निव्वळ किंमतीचें चिन्ह होय, त्यांतून इतिहास कांहींच निघत नाहीं. हेंही टोंकाचें म्हणणें आहे व तें आम्हांस मान्य नाहीं. किंमतीनें दुसऱ्या मुखाची जागा निर्माण केली. ती जागा कोणी भरावी हें प्रसंगानें ठरविलें. गॉर्डिअन इ. स. २३८ मध्यें अवघ्या तेरा वर्षांचा असतां गादीवर आला. त्यास पत्नी नव्हती, पुत्र नव्हता, सहसम्राट नव्हता. पांच अ‍ॅसारियांचें नाणें तर पाडावयाचें होतें. तेव्हां नगरानें सारापिसास त्याच्यासमोर बसविलें. इ. स. २४१ मध्यें टिमेसिथिअस या कर्तबगार अधिकाऱ्याच्या कन्येशीं त्याचा विवाह झाला, आणि त्यानंतर त्या जागीं ट्रँक्विलिना दिसूं लागली. जागा आधींची, व्यक्ति नंतरची. हा पौर्वापर्यक्रम ध्यानांत ठेवला म्हणजे नाण्याचा खरा अर्थ हातीं लागतो.

या ट्रँक्विलिनेची हकीकत मोठी बोधप्रद आहे. रोम येथें तिच्या नांवानें पाडलेलीं नाणीं अत्यंत दुर्मिळ आहेत. उलट मोएशिया व थ्रेस या प्रांतांतील नगरांनीं गॉर्डिअन व ट्रँक्विलिना यांचीं संमुख नाणीं मुबलक पाडलीं, आणि मेसोपोटेमियांतील सिंगारा या सीमेवरील नगरानेंही पाडलीं. हें सिंगारा म्हणजे हल्लींच्या इराकमधील सिंजार. सिंगाराच्या नाण्यावर मागें नगरदेवता खडकावर बसलेली असून तिच्या मस्तकावर धनुर्धर नराश्व आहे. इराणी फौजांपासून हा प्रदेश रोमनांनीं इ. स. २४३ च्या सुमारास सोडविला आणि इ. स. २४४ मध्यें गॉर्डिअन मरण पावला. म्हणजे या नाण्यांस मिळालेला अवधि अत्यल्प. केवळ नाण्यांच्या संख्येवरून ट्रँक्विलिनेचें वजन ठरवावयाचें म्हटलें तर ती बल्गेरियांत मोठी राणी व रोममध्यें जवळजवळ अज्ञात, असा चमत्कारिक निष्कर्ष निघेल. वास्तविक रोमची टांकसाळ व प्रांतांतील नगरें यांच्या रीति भिन्न होत्या. त्यांच्या नाण्यांची बेरीज एकाच राशींत करतां येत नाहीं.

तर मग ज्यास खरोखर दांपत्याचें नाणें म्हणावें असें रोमन कांस्य नाणें एकही नाहीं काय? आहे, आणि तें फार सुंदर आहे. अँटोनायनस पायस याच्या सेस्टर्शियसवर मागील बाजूस सम्राट व त्याची पत्नी फॉस्टिना हीं उभीं असून त्यांचे उजवे हात एकमेकांत आहेत. त्यांच्यामध्यें खालीं, लहान आकारांत, मार्कस ऑरेलिअस व धाकटी फॉस्टिना हीं वेदीपाशीं तसेंच करीत आहेत. लेख एकच शब्दाचा : कॉन्कॉर्डिया, म्हणजे ऐकमत्य, ही देवता, चतुर्थींत. बाजूस सेनेटच्या आज्ञेचीं दोन अक्षरें आहेत. हें नाणें इ. स. १४० च्या सुमाराचें होय. थोरली फॉस्टिना त्याच वर्षीं निवर्तली, आणि तिच्या नांवें फोरममध्यें मंदिर उभें राहिलें. तें पुढें पतीसही अर्पण झालें व त्याचे स्तंभ आजही उभे आहेत.

याला दांपत्याचें नाणें म्हणण्यास आमची संमति आहे, ती चित्र सुंदर आहे म्हणून नव्हे. ऑस्टिया या बंदराच्या नगरांत सांपडलेल्या एका शिलालेखांत असा ठराव नोंदलेला आहे कीं, अँटोनायनस व फॉस्टिना यांच्या असाधारण ऐकमत्यास्तव त्यांच्या प्रतिमांपुढें वेदी असावी आणि नगरांतील नववधूवरांनीं तेथें उपासना करावी. पुढें धाकट्या फॉस्टिनेच्या मृत्यूनंतर मार्कस व ती यांच्याविषयींही अशीच व्यवस्था रोम येथें सेनेटनें केल्याचें दिओनें नमूद केलें आहे. नाण्यावरील लहान जोडपें वेदीपाशीं कां आहे, याचा उलगडा या लेखानें होतो. म्हणजे येथें चित्र, नाण्यावरील शब्द व स्वतंत्र शिलालेख अशा तीन साक्षी एकमेकींस दुजोरा देतात. 'दांपत्य' या संज्ञेचा अधिकार अशा ठिकाणीं उत्पन्न होतो. केवळ दोन मुखें दिसल्यानें नव्हे.

उजवा हात उजव्या हातांत देण्याच्या या मुद्रेस आपले कित्येक लेखक 'पाणिग्रहण' म्हणून मोकळे होतात. हें सादृश्य मोहक असलें तरी जपून वापरावें. आपल्या गृह्यसूत्रांत वर हा वधूचा हात धरतो. आश्वलायनानें तर पुत्रेच्छु वरानें अंगठा धरावा, कन्येच्छु वरानें बोटें धरावीं, असा भेद सांगितला आहे. ग्रहण करणारा एक व जिचा हात घेतला जातो ती दुसरी, असा कर्तृकर्मभाव तेथें आहे. रोमन मुद्रेंत दोघेंही समान रीतीनें हात देतात. म्हणून ती विवाहापुरती मर्यादित नाहीं. नर्व्हाच्या नाण्यांवर सैन्याच्या ऐकमत्याचें चिन्ह म्हणून दोन हात मिळालेले आहेत. इ. स. १६१ मध्यें मार्कस ऑरेलिअस व ल्युसिअस व्हेरस हे दोन सहसम्राट याच कॉन्कॉर्डियेच्या नांवाखालीं सेस्टर्शियसवर हातांत हात देऊन उभे आहेत. तेव्हां या मुद्रेचा मूलार्थ 'वचन' असा असून विवाह हा त्याचा एक विषय आहे. तिला 'हस्तमीलन' म्हणणें अधिक निर्दोष होईल.

वचन दिलें म्हणजे तें पाळलें असें होत नाहीं, हें प्लॉटिलेच्या नाण्यांवरून कळतें. कॅराकॅल्ला व प्लॉटिला यांचा विवाह इ. स. २०२ मध्यें झाला. त्या प्रसंगाच्या रुप्याच्या नाण्यांवर दोघांचें हस्तमीलन असून एकावर 'शाश्वत ऐकमत्य' व दुसऱ्यावर 'साम्राज्याची वंशवृद्धि' अशा अर्थाचे लेख आहेत. दिओच्या सांगण्याप्रमाणें कॅराकॅल्ला तिचा मनापासून द्वेष करीत होता. इ. स. २०५ मध्यें तिचा पिता प्लॉटिएनस मारला गेला, ती लिपारी बेटावर हद्दपार झाली, आणि सेव्हेरसच्या मृत्यूनंतर तिचाही वध झाला. शाश्वत ऐकमत्याचें आयुष्य तीन वर्षांचें ठरलें, वंशवृद्धि तर झालीच नाहीं. जो कोणी नाण्यावरून या दोघांचें सख्य सिद्ध करूं पाहील त्यानें हें एक उदाहरण पुढें ठेवावें.

परंतु प्लॉटिलेची खरी कहाणी कांस्य नाण्यांवर आहे. कॅरिया प्रांतांतील स्ट्रॅटोनिसिया नगरानें कॅराकॅल्ला व प्लॉटिला यांचीं संमुख मुखें असलेलीं मोठीं नाणीं पाडलीं होतीं. तिच्या पतनानंतर त्यांपैकीं कित्येकांवरील तिचें मुख घांसून अथवा छिनून काढण्यांत आलें, व नाणें पुन्हां चलनांत सोडण्यांत आलें. कॅराकॅल्लानें आपला भाऊ गेटा यास इ. स. २११ मध्यें ठार केल्यावर त्याच नगरच्या नाण्यांवरील गेटाच्या मुखाचीही तीच गत झाली. अशा अनेक नाण्यांवर वरून दुसरे छोटे ठसेही मारलेले आहेत. आमच्या पोथीसंग्राहक वाचकांस हें दृश्य अपरिचित नाहीं. नकोसें अक्षर हरताळ लावून झांकावें, पण खालची रेघ उजेडांत धरतां दिसावी, तसाच हा प्रकार. येथें सम्राटाचें मुख शाबूत, समोर एक खरवडलेली पोकळी, आणि पोकळीच्या कडेस क्वचित् केसांची रेषा. आमच्या मतें सबंध वर्गांत इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचीं नाणीं तीं हींच. आणि विक्रीच्या पत्रकांत 'खराब प्रत' म्हणून सर्वांत स्वस्त लावलीं जातात तींही पुष्कळदां हींच.

आतां आपल्या घरचा एक शब्द. पहिल्या चंद्रगुप्ताच्या नांवाचीं सुवर्णनाणीं सर्वांस ठाऊक आहेत. त्यांवर राजा व कुमारदेवी उभीं असून राजा तिला कांहीं वस्तु देत आहे. दोघांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि मागें सिंहवाहिनी देवीपाशीं 'लिच्छवयः' हा शब्द आहे. अ‍ॅलन यांनीं १९१४ सालच्या ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथांत हीं नाणीं समुद्रगुप्तानें मातापितरांच्या स्मरणार्थ पाडलीं असें मत मांडलें. अळतेकरांनीं तें अमान्य करून तीं चंद्रगुप्ताचींच ठरविलीं. या वादांतही दोन आकृतींच्या भावनेवर फार भर दिला गेला आहे. आमच्या मतें तेथें सर्वांत बोलका पुरावा चित्र नसून मागील बाजूचा बहुवचनी शब्द आहे. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील प्रशस्तींत त्यास 'लिच्छविदौहित्र' म्हटलें आहे, त्याच्याशीं हा शब्द जुळतो. म्हणजे येथेंही, ऑक्टेव्हियेप्रमाणेंच, स्त्री केवळ पत्नी म्हणून नव्हे तर माहेरच्या सत्तेची प्रतिनिधि म्हणून उभी आहे. फरक असा कीं कुमारदेवीचें नांव कोरलें गेलें, ऑक्टेव्हियेचें कोरलें गेलें नाहीं.

संग्राहकांसाठीं या विवेचनांतून निघणाऱ्या व्यवहारी सूचना थोडक्यांत देतों. पहिली, चित्रावरून नांव देऊं नये. दर्शनी लेखांतील दोन्ही नांवें वाचावीं, आणि तीं वाचतां येत नसतील तर मागील बाजूच्या अधिकाऱ्याच्या नांवावरून राजवट निश्चित करावी. दुसरी, मोकळ्या जागेंतील सुटें अक्षर हा अलंकार समजूं नये. तो बहुधा किंमतीचा अंक असतो. तिसरी, ज्यांच्या मुखावरील केसांच्या रेषा अतिशय तीक्ष्ण व भोंवतालची जमीन अतिशय गुळगुळीत असेल अशा नाण्यांविषयीं साशंक असावें. झिजलेल्या कांस्य नाण्यावर मागाहून कोरणीनें काम करून त्यास नवें रूप देण्याचा धंदा जुना आहे, आणि अशा कामांत एका राणीची दुसरी राणी होण्यास वेळ लागत नाहीं.

चौथी सूचना सांपडण्याच्या स्थळाविषयीं. भारतांत रोमन नाणीं आलीं तीं मुख्यतः सोन्यारुप्याचीं. उत्तरकालीन लहान तांब्याचीं नाणीं तामिळ देश व सिंहलद्वीप येथें मोठ्या संख्येनें मिळालीं आहेत. महाराष्ट्रांत तेर येथें रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेलीं मृण्मय पदकें सांपडलीं, त्यांचें महत्त्व निराळें आहे. मार्सियानोपोलिस किंवा स्ट्रॅटोनिसिया यांचीं कांस्य नाणीं मात्र आपापल्या प्रदेशांत चालणारीं नाणीं होतीं. तसलें नाणें आपल्याकडील एखाद्या संग्रहांत 'शेतांत सांपडलेलें' म्हणून दाखल झालें तर तें यूरोपच्या बाजारांतून आलें असण्याचाच संभव अधिक. त्यावरून प्राचीन व्यापाराचा सिद्धांत उभारण्यापूर्वीं मालकानें खरेदीची चिठ्ठी शोधावी.

सारांश, रोमन कांस्य नाण्यांवरील दोन मुखें आधीं किंमत सांगतात, मग निष्ठा सांगतात, आणि क्वचितच विवाह सांगतात. जेथें विवाह सांगतात तेथें शब्द व शिलालेख त्यांच्या पाठीशीं उभे असतात. 'राजदांपत्य' ही संज्ञा अशा सिद्ध ठिकाणांपुरती राखून ठेवावी, आणि इतरत्र 'द्विमुख नाणें' असें साधें नांव घालून पुढें दोन्ही व्यक्तींचीं नांवें व त्यांचें नातें लिहावें. यादींत एक ओळ वाढेल. पण डोम्ना माता होती, मीसा आजी होती, ट्रँक्विलिना पत्नी होती, व प्लॉटिला पत्नी असूनही पुसली गेली, एवढें तरी त्या ओळींत खरें राहील.